ताण दिला तर फुलतो : सांगलीच्या हवेत हेजहॉग कॅक्टस

आटपाडीच्या डाळिंब बागायतदाराला बहार धरणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. झाडाचे पाणी तोडायचे, त्याला ताण द्यायचा, पाने पिवळी पडून गळू लागली तरी मन घट्ट ठेवायचे आणि मग योग्य वेळी पाणी सोडायचे, की बाग कळ्यांनी भरून जाते. हेजहॉग कॅक्टस फुलवण्याचे सारे तंत्र जवळपास याच एका गोष्टीत आहे. तरीही सांगलीत ज्यांच्या गच्चीवर हे झाड आहे, त्यांच्याकडून मी बहुतेक वेळा एकच तक्रार ऐकतो : झाड हिरवेगार आहे, वाढतेही आहे, पण चार वर्षांत एकही फूल नाही. चौकशी केली की कळते, थंडीतही त्याला दर आठवड्याला मायेने पाणी घातले जाते. माझ्या पहिल्या तीन झाडांचे असेच झाले. दोन पहिल्याच पावसाळ्यात कुजली. तिसरे पाच वर्षे नुसते वाढत राहिले, आणि एका वर्षी घरातल्या आजारपणामुळे मार्गशीर्ष-पौषात दीड-दोन महिने गच्चीवर जाणेच झाले नाही, तेव्हा माघात त्याच झाडावर सात कळ्या दिसल्या. तेव्हापासून मी या झाडांना पाणी देण्यापेक्षा पाणी कधी द्यायचे नाही याची नोंद अधिक काळजीने ठेवतो.

झाडाची ओळख

हेजहॉग हा अंगभर काटे असलेला, धोका वाटला की चेंडूसारखे अंग गुंडाळून घेणारा लहानसा प्राणी. या कॅक्टसच्या शास्त्रीय नावातही तोच आहे. एकिनोसेरिअस या नावातील ‘एकिनोस’ हा ग्रीक शब्द हेजहॉगसाठी आहे आणि ‘सेरिअस’ म्हणजे मेणबत्ती. अमेरिकेतील सेंट लुईस येथे वैद्यकी करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज एंगेलमान यांनी १८४८ साली ही प्रजाती वेगळी मांडली. द्राक्षपट्ट्यातील वाचकांना एक जास्तीची माहिती आवडेल. फायलोक्सेरा किडीने फ्रान्समधील द्राक्षबागा उद्ध्वस्त होत असताना अमेरिकी रानद्राक्षांचे खुंट तिला दाद देत नाहीत, हे दाखवून देणाऱ्यांत हेच एंगेलमान होते. तासगाव भागात ज्या डॉगरिज खुंटावर आपण द्राक्षाचे कलम करतो, तोही मूळचा टेक्सासचा, आणि या कॅक्टसच्या कितीतरी जातींचे माहेरही तेच.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागापासून मेक्सिकोपर्यंत या प्रजातीच्या साठाहून अधिक जाती आढळतात. झाड ठेंगणे असते. काही जाती एकट्या दांड्याने उभ्या राहतात, तर काहींना बुडापासून पिल्ले फुटून मोठा झुबका तयार होतो. आपल्या बांधावरचा फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचाच आणि याच कुलातला. जतच्या माळावर आता लावले जाणारे ड्रॅगन फ्रूटही याच कुलातले, आणि श्रावणाच्या आसपास एका रात्रीसाठी उमलणारे, आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते घरोघरचे झाडही कॅक्टसच आहे. ब्रह्मकमळ पाहण्यासाठी रात्री जागावे लागते. हेजहॉगच्या बहुतेक जातींचे फूल मात्र सकाळी ऊन तापू लागले की उमलते, संध्याकाळी मिटते, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडते आणि उन्हाळा फार कडक नसेल तर असे तीन-चार दिवस टिकते.

या फुलांची ओढ केवळ त्यांच्या आकारामुळे लागत नाही, जरी पेंटालोफस या जातीचे फूल झाडाच्या बोटाएवढ्या दांड्याहून कितीतरी मोठे, दहा सेंटीमीटरपर्यंत रुंद असते. खरी ओढ रंगाची आहे. कॅक्टसच्या कुलात गुलाबी, किरमिजी आणि पिवळे रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्यांमुळे येतात. तीच रंगद्रव्ये बिटात, मयाळूच्या फळात, गुलबक्षीत आणि बोगनवेलीत असतात, तर गुलाब किंवा जास्वंदीचा लाल रंग अँथोसायनिन या वेगळ्या घराण्यातून येतो. हेजहॉगच्या पाकळ्यांवर या रंगाला रेशमासारखी चकाकी असते आणि फुलाच्या मध्यभागी, पिवळ्या पुंकेसरांतून, गडद हिरव्या रंगाचे चांदणीसारखे स्त्रीकेसराचे टोक वर आलेले दिसते. किरमिजी पाकळ्यांत हा हिरवा ठिपका पाहिला की प्रजाती ओळखायला पुस्तक लागत नाही. हिरवा स्त्रीकेसर आणि फुलाच्या नळीवर काटे, या दोन खुणा एकत्र दिसल्या तर झाड एकिनोसेरिअसच आहे असे बहुधा समजावे. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या एकिनोप्सिसच्या नळीवर काट्यांऐवजी लव असते.

कोणती जात निवडावी

इथे मला स्पष्ट मत द्यावेसे वाटते. चित्रांत सर्वाधिक भुरळ घालणारी लालभडक फुलांची जात ट्रायग्लोकिडिएटस आहे. तिला इंग्रजीत क्लॅरेट कप म्हणतात आणि २०१४ पासून ती कोलोरॅडो राज्याचा अधिकृत कॅक्टस आहे. तिची मेणासारखी जाड, लाल फुले हमिंगबर्ड पक्ष्यांसाठी घडलेली आहेत आणि ती रात्रीही मिटत नाहीत. पण ती डोंगराळ, बर्फ पडणाऱ्या प्रदेशातली आहे. डिसेंबर-जानेवारीत सांगलीची रात्र साधारण १२ ते १५ अंशांपर्यंत उतरते आणि एवढ्या थंडीने त्या जातीचे समाधान होत नाही. हिरवट-पिवळ्या फुलांच्या विरिडिफ्लोरसचेही तसेच. नवख्याने या दोन जातींवर पैसे आणि वर्षे खर्च करू नयेत.

पहिले झाड पेंटालोफसचे घ्यावे. दक्षिण टेक्सास आणि ईशान्य मेक्सिकोच्या उष्ण भागातली ही जात लेडीफिंगर या नावानेही विकली जाते. मऊ, पाच कडांचे, आडवे पसरणारे दांडे आणि पांढऱ्या कंठाची मोठी किरमिजी फुले ही तिची ओळख. ती भराभर वाढते, तुकड्यापासून सहज तयार होते आणि आपल्या सौम्य थंडीतही कळ्या धरते. दुसरे झाड रिजिडिसिमसच्या रुबिस्पायनस प्रकाराचे असावे. मेक्सिकोतील या झाडाला फुले नसतानाही शोभा असते, कारण त्याचे कंगव्यासारखे अंगाला चिकटलेले काटे माणकासारखे लाल-जांभळे असतात, आणि झाड वाढते तसे त्या रंगाचे फिके-गडद पट्टे तयार होतात. ते एकट्या दांड्याचे, संथ वाढीचे आणि जास्त पाण्याने लगेच रुसणारे आहे, त्यामुळे एक पावसाळा पेंटालोफस सांभाळून दाखवल्यावरच ते आणावे. पिवळा रंग हवा असेल तर डॅसिॲकँथस किंवा जवळपास बिनकाट्यांची सबइनर्मिस, आणि जाळीदार काट्यांची नाजूक गुलाबी जात हवी असेल तर रायकेनबाकी, हा पुढचा टप्पा.

खरेदी करताना

रोपवाटिकेत फुलासह दिसणाऱ्या कॅक्टसचे फूल हलक्या बोटाने तपासावे. वाळवलेली रंगीत फुले गरम गोंदाने शेंड्यावर चिकटवून विकण्याची पद्धत सर्रास आहे, आणि मीही एकदा असे झाड आणून महिनाभर ते फूल ताजे कसे राहिले याचे कौतुक करत होतो. ते फूल काढताना शेंडा फाटला आणि झाड गेले. काट्यांवर रंग फवारलेली झाडेही टाळावीत. खालचा भाग त्रिकोणी, हिरवा आणि वर वेगळेच झाड दिसले, तर ते ड्रॅगन फ्रूटच्या खुंटावरचे कलम समजावे. असे झाड लवकर वाढते आणि लवकर फुलते, पण हा खुंट काही वर्षांत थकतो, तेव्हा कायमचे म्हणून स्वमुळावरचे झाड घ्यावे. बूड हलके दाबून पाहावे. ते टणक असले पाहिजे, तपकिरी होऊन मऊ पडलेले नको. अंगावर ओरखडा काढल्यावर दुधासारखा चीक आला तर ते झाड कॅक्टस नसून शेर-निवडुंगाच्या युफोर्बिया वर्गातले आहे.

जवळजवळ सगळे कॅक्टस-कुल वन्यजीव व्यापाराच्या साइटिस करारात नियंत्रित आहे आणि परदेशातून झाड मागवायचे तर परवाना व रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. रानातून उपटलेल्या झाडांच्या व्यापारामुळे मेक्सिकोतील काही जाती संकटात आल्या आहेत. म्हणून बियांपासून इथेच वाढवलेले रोप घेणे योग्यही आहे आणि सोयीचेही, कारण ते आपल्या हवेला आधीच सरावलेले असते.

माती आणि कुंडी

कृष्णाकाठची काळी माती उसाला सोन्यासारखी असली तरी या झाडाला ती घातक ठरते. ती पाणी धरून फुगते, वाळल्यावर आकसून भेगाळते, आणि या दोन्हीत बारीक मुळे तुटतात. कुंडीत मूठभरही काळी माती घालू नये. त्याऐवजी खडीच्या क्रशरवर मिळणारा कच आणावा, तो चाळून तीन ते सहा मिलिमीटरचे दाणे वेगळे करावेत आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवावेत. न धुतलेल्या कचातील भुकटी कुंडीच्या तळाशी सिमेंटसारखी बसते, म्हणून ही पायरी कंटाळवाणी असली तरी गाळू नये. असा दोन भाग कच, एक भाग विटांचा चाळलेला चुरा किंवा मुरमाचे दाणे आणि एक भाग पूर्ण कुजलेले पालापाचोळ्याचे खत, एवढ्या मिश्रणावर माझी झाडे उभी आहेत. शेणखत वापरायचे तर किमान वर्षभर जुने असावे आणि त्याचे प्रमाण याच्या निम्मे ठेवावे. नुसते कोकोपीट नको. ते एकदा पूर्ण वाळले की पाणी घेत नाही आणि एकदा भिजले की आठवडाभर सुकत नाही. मिश्रण तयार झाल्यावर कुंडीत भरून तांब्याभर पाणी ओतावे. दहा सेकंदांत पाणी खालून वाहू लागले नाही, तर कच वाढवावा.

कुंडी झाडाच्या घेरापेक्षा बोटभर रुंद असावी, अधिक नको, कारण जास्तीची माती म्हणजे जास्तीचा ओलावा. झुबका करणाऱ्या जातींना उथळ, पसरट कुंडी सोसते. सांगलीच्या हवेत मातीची कुंडी मला अधिक विश्वासाची वाटते, कारण तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. कुंडी बदलण्यास ऑक्टोबर उत्तम. परतीचा पाऊस ओसरलेला असतो आणि थंडीच्या विश्रांतीपूर्वी मुळांना सावरायला महिनाभर मिळतो. जुन्या वर्तमानपत्राची जाड पट्टी घडी करून झाडाभोवती गुंडाळली की काटे न लागता झाड उचलता येते. मुळे झटकून मेलेली तंतुमुळे छाटावीत, झाड आठवडाभर सावलीत कोरडे ठेवावे, मग लावावे आणि आणखी आठवडा पाणी देऊ नये.

जागा आणि ऊन

फुलांसाठी रोज किमान पाच तास थेट ऊन हवे. त्यातही सकाळचे ऊन दुपारच्यापेक्षा चांगले, म्हणून पूर्वेकडे तोंड असलेली गच्ची किंवा सज्जा आदर्श. खोलीत खिडकीशी ठेवलेले झाड जगते, पण शेंडा निमुळता होत जातो आणि फूल येत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो तेव्हा दुपारच्या उन्हावर ३५ ते ५० टक्क्यांचे शेडनेट बांधावे. गच्चीचा तापलेला स्लॅब हा हवेहून मोठा शत्रू आहे. कुंड्या थेट स्लॅबवर न ठेवता विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवाव्यात. रोपवाटिकेतल्या सावलीतून आणलेले झाड एकदम उन्हात ठेवले तर त्याच्या अंगावर पांढरट डाग पडतात आणि ते कधीच भरून येत नाहीत, म्हणून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू त्याला उन्हाची सवय लावावी.

पावसाळ्यात वरून आडोसा हवाच. शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीकडे कोसळतो तसा पाऊस सांगलीत नसतो, पण जुलै-ऑगस्टमधील दिवसेंदिवसची दमट, ढगाळ हवा या झाडाला धो धो पावसाहूनही अधिक बाधते. पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा वर घालून चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात. बाजूही बंद केल्या तर आत वाफ कोंडते आणि बुरशी धरते. हाच पत्रा एप्रिल-मेच्या वळवात गारांपासूनही वाचवतो. गारेने फुटलेल्या दांड्याची जखम बुजते, पण व्रण कायम राहतो.

पाण्याचे वर्ष

हे प्रकरण सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून ते आपल्या पंचांगाच्या अंगाने सांगतो.

दसरा ते दिवाळी या काळात झाड पावसाळ्याची सुस्ती टाकून वाढू लागते. माती पूर्ण वाळली की, म्हणजे साधारण आठ-दहा दिवसांनी, एकदा भरपूर पाणी द्यावे. दिवाळी झाली की पाण्याचे अंतर पंधरा दिवसांवर न्यावे आणि नोव्हेंबरअखेर शेवटचे पाणी द्यावे. त्यानंतर डिसेंबर आणि जानेवारी हे दोन महिने पाणी पूर्ण बंद. झाड आकसेल, त्याच्या कडा उठून दिसतील, पेंटालोफसचे दांडे चक्क सुरकुततील आणि रुबिस्पायनस जमिनीत थोडे खाली गेल्यासारखे वाटेल. याच वेळी हात पाण्याच्या झारीकडे जातो आणि याच वेळी तो आवरायचा आहे. या काळात ऊन मात्र भरपूर मिळाले पाहिजे. सावलीत दिलेला ताण नुसती उपासमार ठरतो. अपवाद फक्त दोन वर्षांच्या आतील रोपांचा. त्यांना महिन्यातून एकदा, उबदार दिवशी सकाळी, थोडे पाणी द्यावे.

संक्रांतीनंतर रोज झाड निरखावे. या प्रजातीची कळी इतर कॅक्टससारखी काट्यांच्या गादीतून सरळ बाहेर येत नाही, तर गादीच्या किंचित वर कातडी आतून फाडून येते. प्रथम दिसतो तो केवळ फुगीर, लवदार, तडकलेला ठिपका. अनेकांना ती जखम किंवा कीड वाटते, आणि कोणी तिथे नख लावून पाहते. तसे करू नये. ठिपका हरभऱ्याएवढा होऊन कळी आहे याची खात्री पटली की पहिले पाणी द्यायचे, तेही निम्मे. त्याआधी पाणी दिले तर झाड फुलाऐवजी वाढीकडे वळते. पंधरवड्याने दुसरे पाणी पूर्ण द्यावे. सांगलीत बहुतेक वेळा हे महाशिवरात्रीच्या आगेमागे घडते आणि फुले होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत उमलत राहतात. कळ्या आल्यावर कुंडी हलवू किंवा फिरवू नये.

मार्च ते मे या काळात माती वाळली की पाणी द्यावे, पण नेहमी संध्याकाळी. कॅक्टसची रंध्रे रात्री उघडतात आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड घेण्याचा व्यवहार रात्रीच चालतो. दुपारी तापलेल्या कुंडीत ओतलेले पाणी मुळे शिजवते. मृग लागला की पाणी आपोआप कमी करावे. आडोशाखालील झाडाला जुलै-ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांतून एकदा पाणी पुरते, आणि ढगाळ हवा लागून राहिली तर तेही नको. बोअरचे पाणी आपल्याकडे क्षारयुक्त आहे. त्याने मातीवर पांढरा थर साचतो आणि मुळांना अन्न घेता येत नाही. पावसाचे पाणी पिंपात साठवून वापरता आले तर झाडाच्या रंगातच फरक दिसतो.

खत

कृषी सेवा केंद्रात द्राक्षासाठी मिळणारे ०:५२:३४ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात कळ्या दिसल्यावर एकदा आणि फुले संपल्यावर एकदा द्यावे. वाढीच्या काळात महिन्यातून एकदा १९:१९:१९ त्याच प्रमाणात पुरेसे आहे. युरिया अजिबात नको. नत्राने झाड फुगते, कातडी मऊ होते आणि पहिल्या दमट आठवड्यात सडते.

रोग आणि किडी

द्राक्षबागायतदारांना छळणारा पिठ्या ढेकूण इथेही आहे. काट्यांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले की कापसाच्या बोळ्याला सर्जिकल स्पिरिट लावून ते टिपावेत आणि ऊन उतरल्यावर हे काम करावे. त्याचा मुळांवर राहणारा प्रकार अधिक घातक, कारण तो दिसत नाही. सगळी काळजी घेऊनही झाड वाढत नसेल तर कुंडीतून काढून मुळे पाहावीत, पांढरी भुकटी दिसल्यास मुळे धुवून, वाळवून, नव्या मिश्रणात लावावीत. मऊ अंगाच्या जातींवर उन्हाळ्यात लाल कोळी येतो आणि शेंड्याकडची कातडी तांबूस, खरबरीत होते. विद्राव्य गंधक लिटरला दोन ग्रॅम फवारल्यास तो आटोक्यात येतो, परंतु पारा ३५ अंशांच्या वर असताना गंधक फवारले तर झाड भाजते. झाड फुलांत असताना कोणतेही कीटकनाशक फवारू नये, कारण त्या दिवसांत मधमाश्यांची ये-जा दिवसभर चालते.

मूळकुज झालेले झाड बुडाशी मऊ आणि तपकिरी होते. धारदार सुरीने वरचा निरोगी भाग कापावा. कापाच्या मध्यभागी किंचितही तांबूस ठिपका राहू नये, म्हणून दर कापानंतर सुरी स्पिरिटने पुसून पुन्हा वर कापत जावे. मग तो तुकडा सावलीत दहा-बारा दिवस उभा ठेवून जखम वाळवावी आणि कोरड्या कचावर टेकवावी. पेंटालोफसची नवी रोपेही दांडे तोडून याच पद्धतीने करता येतात. त्यासाठी मार्च किंवा ऑक्टोबर निवडावा आणि मुळ्या फुटेपर्यंत फक्त अधूनमधून हलका ओलावा द्यावा.

बियांपासून रोपे

बहुतेक जातींत झाडाला स्वतःचा पराग चालत नाही. एकाच झाडापासून तोडलेले दोन दांडे हेही एकच झाड, म्हणून बियांपासून आलेली, एकाच जातीची दोन वेगळी झाडे एकाच वेळी फुललेली हवीत. दुपारी, फूल पूर्ण उघडल्यावर, मऊ कुंचल्याने एकाचे पराग दुसऱ्याच्या हिरव्या टोकावर लावावेत. फळ धरले तर दीड-दोन महिन्यांत पिकते आणि पिकताना त्यावरील काटे हात लावताच सुटतात. स्ट्रॅमिनियस आणि एनियाकँथस या जातींची फळे स्ट्रॉबेरीसारखी गोड म्हणून त्यांच्या मुलखात खाल्ली जातात. बी काळे, खसखशीहून थोडे मोठे असते. ते गर धुवून सावलीत वाळवावे आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत कागदाच्या पुडीत ठेवावे.

पेरणीचे मिश्रण बारीक चाळावे, कुकरमध्ये वीस मिनिटे वाफवून थंड करावे आणि झाकण असलेल्या पारदर्शक डब्यात भरावे. बी वर पसरावे, गाडू नये, कारण त्याला उजेड लागतो. डबा सावलीच्या उजेडात, २५ अंशांच्या आसपास राहील असा ठेवावा. आठ ते वीस दिवसांत हिरवे मण्यांसारखे अंकुर दिसतात. दोन महिन्यांनी झाकण रोज थोडे थोडे उघडावे, पहिला पावसाळा रोपे आडोशातच काढू द्यावीत, आणि वर्षाने त्यांना वेगवेगळ्या कुंड्यांत हलवावे. पेंटालोफसच्या रोपाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी, दोन थंड्यांचा पूर्ण ताण सोसल्यावर, पहिली कळी येते. रुबिस्पायनसला आणखी एक-दोन वर्षे लागतात.